रोप कोणाचे, कुंपण कोणाचे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका पंधरवड्यात अँग्लिकन जगात दोन गोष्टी घडल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. चौदाशे वर्षांहून जुन्या असलेल्या त्या पदावर प्रथमच एक स्त्री येणार हे ठरले. आणि त्यापाठोपाठ रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी, 'गॅफकॉन' या पुराणमतवादी अँग्लिकनांच्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने, एक निवेदन काढले. कँटरबरीभोवती उभी असलेली जुनी व्यवस्था आपण नाकारीत आहोत, आणि जागतिक अँग्लिकन कम्युनियन ते आता आपणच, असा त्याचा आशय होता. अँग्लिकन कम्युनियन म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून निघालेल्या, पण आपापल्या देशांत स्वायत्त असलेल्या चर्चांचा सैल संघ. त्याला पोप नाही, सर्वांवर बंधनकारक असा कायदा नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपशी असलेले नाते हीच आजवर त्याची ओळख होती. त्या नात्यालाच आता आव्हान मिळाले आहे.

आम्ही काही धर्मशास्त्राचे अभ्यासक नव्हे. मराठी साहित्य शिकवणे हा आमचा व्यवसाय. तरीही या वादावर लिहावेसे वाटले, याचे कारण त्याचा जो अर्थ आपल्याकडच्या चर्चासत्रांत आणि स्टाफरूममध्ये सहज लावला जातो, तो आम्हांला मान्य नाही. अर्थ असा: एकेकाळी लंडनने आफ्रिकेत चर्च नेले, आता आफ्रिका तेच चर्च अमेरिकेत आणि इंग्लंडात परत नेत आहे, वसाहतींनी साम्राज्याला दिलेले हे उत्तर आहे. ऐकायला हे फार समाधानकारक वाटते. याच्या उलट बाजूचे म्हणणेही तितकेच ठाशीव असते: दुसऱ्या बिशपच्या हद्दीत शिरून चर्च स्थापणे हा चर्चच्या प्राचीन शिस्तीचा भंग आहे, आणि भंग करणारे हे अँग्लिकनच नव्हेत. आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी बोट ठेवीत आहेत. सीमा कोणी कोणत्या दिशेने ओलांडली याला फारसे महत्त्व नाही. ओलांडून पलीकडे रोप लावणाऱ्याने आपला हात केव्हा काढून घेतला, हे पाहिले पाहिजे.

प्रथम शिस्तभंगाच्या आरोपाकडे पाहू. इंग्लंडच्या चर्चचा जन्मच मुळी एका सीमारेषेतून झाला. १५३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने रोमकडे अपील नेण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि १५३४ साली राजाला चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवले. पुढे त्या चर्चची मते सांगणारी जी एकोणचाळीस कलमे सिद्ध झाली, त्यांतल्या एकात रोमच्या बिशपला इंग्लंडच्या भूमीवर काहीही अधिकार नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. त्याच कलमांत आणखी दोन गोष्टी आहेत. उपासना लोकांना समजेल अशा भाषेत व्हावी. आणि विधी व परंपरा सर्वत्र एकसारख्या असण्याची गरज नाही, देश, काळ आणि लोकरीती यांप्रमाणे त्या बदलू शकतात. म्हणजे 'परक्या बिशपचा हुकूम इथे चालणार नाही' आणि 'इथल्या लोकांची रीत इथे चालेल', ही अँग्लिकन अस्मितेची दोन आद्य विधाने होत.

हा तर्क प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला, तर असे चर्च इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे जाण्याचे कारणच नव्हते. पण ते गेले. परदेशांत सुवार्ताप्रसार करणारी एक सोसायटी १७०१ साली स्थापन झाली, चर्च मिशनरी सोसायटी १७९९ साली. कलकत्त्याला बिशपचे पद १८१४ मध्ये निर्माण झाले, मुंबईला १८३७ मध्ये. भारतातले अँग्लिकन १९३० सालापर्यंत कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडच्याच चर्चचे घटक होते. रोमच्या बिशपला इंग्लंडात जो अधिकार नाकारला, तोच अधिकार कँटरबरीने मद्रासेत आणि मुंबईत जवळपास शतकभर निःशंकपणे वापरला.

बरे, 'एका नगरात दोन बिशप असू नयेत' हा जो नियम सांगितला जातो, तो खरोखरच प्राचीन आहे, इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेपर्यंत त्याचे मूळ जाते. पण अँग्लिकनांनी तो पाळला कधी? नाताळ येथील बिशप कोलेन्सो यांना केपटाउनच्या बिशपांनी पाखंडी ठरवून १८६३ मध्ये पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो अधिकार त्यांना नव्हताच, असा निर्णय दिला. तेव्हा १८६९ मध्ये त्याच प्रदेशासाठी दुसऱ्या बिशपचा अभिषेक झाला, आणि पुढे कित्येक वर्षे दोघे समोरासमोर नांदले. आजही पॅरिस शहरात एक अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या युरोपीय धर्मप्रांताच्या अधिकारात आहे, तर दुसरे अमेरिकन एपिस्कोपल चर्चच्या. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही.

अमेरिकन एपिस्कोपल चर्चचे तर विचारूच नये. स्वातंत्र्ययुद्धानंतर त्याला स्वतःचा बिशप हवा होता. इंग्लंडात अभिषेक घ्यायचा, तर राजनिष्ठेची शपथ आलीच. ती घेणे अशक्य, म्हणून सॅम्युअल सीबरी हे १७८४ साली स्कॉटलंडात ॲबर्डीनला गेले आणि तिथल्या बिशपांकडून, कँटरबरीला वळसा घालून, अभिषेक करवून आले. आता पुढचा प्रसंग पाहा. जानेवारी २००० मध्ये सिंगापूर येथे रवांडाचे आर्चबिशप इमॅन्युएल कोलिनी आणि आग्नेय आशियाचे आर्चबिशप मोझेस टे यांनी दोन अमेरिकन पाद्र्यांचा बिशप म्हणून अभिषेक केला. अमेरिकेतच, पण तिथल्या चर्चच्या अधिकाराबाहेर, मिशनरी काम करण्यासाठी. तेव्हा त्याच एपिस्कोपल चर्चने सीमाभंगाचा आक्रोश केला, आणि कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जॉर्ज केरी यांनी त्या दोघांना मान्यता नाकारली. हे दोन प्रसंग अगदी एकसारखे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. सीबरींच्या वेळी अमेरिकेत बिशप नव्हता, २००० साली होता. हा फरक मोठा आहे. पण सीमा ही ईश्वरदत्त असून तिला हात लावताच अँग्लिकनपण नष्ट होते, असे ज्यांचा स्वतःचा इतिहास सांगू देत नाही, त्यांनी तरी ते सांगू नये. दक्षिणेतून उत्तरेकडे पाऊल पडले तेव्हाच कुंपणाची आठवण व्हावी, हे नजरेत भरण्यासारखे आहे.

इथपर्यंत वाचून पहिल्या पक्षाचे वाचक खूश झाले असतील. त्यांनी थोडे थांबावे.

२००३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या बिशपपदी जीन रॉबिन्सन यांची निवड झाली. पुरुष जोडीदारासह उघडपणे राहणारे ते अँग्लिकन जगातले पहिले बिशप. त्यानंतर सीमा ओलांडण्याचा वेग वाढला. नायजेरियाच्या चर्चने २००५ साली आपल्या घटनेतून कँटरबरीचा उल्लेख काढून टाकला. अमेरिकेत राहणाऱ्या नायजेरियन लोकांसाठी म्हणून त्याने तिथे जी संस्था काढली, तिच्या बिशपपदी २००६ मध्ये मार्टिन मिन्स हे व्हर्जिनियातले गोरे पाद्री आले, आणि पाहता पाहता ती असंतुष्ट अमेरिकन चर्चांचे आश्रयस्थान झाली. २००९ मध्ये असे अनेक गट मिळून उत्तर अमेरिकेचे वेगळे अँग्लिकन चर्च उभे राहिले. कँटरबरीने त्याला कम्युनियनचे सभासद मानलेले नाही.

याला वसाहतींचे उत्तर म्हणायचे का? रवांडाच्या त्या अमेरिकन मिशनचे पुढे काय झाले, ते पाहावे. दहा-अकरा वर्षे अमेरिकन बिशप रवांडाच्या बिशपमंडळाचे सभासद म्हणवून घेत राहिले. रवांडाचे नाव आणि रवांडाची अधिकारपरंपरा हीच तर त्यांची अँग्लिकन असण्याची सनद होती. मग किगालीने आज्ञापालनाची आणि पैशाच्या व्यवहाराच्या जाबाची भाषा सुरू केली, आणि डिसेंबर २०११ मध्ये या मिशनचे प्रमुख व त्यांचे बहुतेक सहकारी बिशप रवांडाच्या मंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडले. आफ्रिकेचा आशीर्वाद हवा होता, आफ्रिकेचा अधिकार नको होता. याला साम्राज्याचा पराभव मानणे हा भाबडेपणा आहे. अमेरिकेतल्या सुस्थित चर्चांनी आपल्या घरच्या भांडणासाठी दूरचा एक शिक्का वापरला, आणि शिक्का बोलू लागला तेव्हा तो टेबलावर ठेवून दिला.

शिवाय, जे परत नेले जात आहे ते तरी आफ्रिकेचे कितपत? रवांडात अँग्लिकन चर्च लावले ते १९२० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीशी निगडित असलेल्या इंग्रज डॉक्टरांनी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे नायजेरियासारख्या वसाहतींत आले ते लंडनहूनच. आपल्याकडचे ३७७ वे कलम त्याच घराण्यातले. याचा अर्थ आफ्रिकेतल्या श्रद्धावंतांची मते उसनी आहेत, असा मुळीच नाही. तसे म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. ती मते त्यांनी स्वतः बायबल वाचून बनवली आहेत. पण त्या मतांना 'निर्वसाहतीकरण' हे बिरुद लावण्याआधी विचार करावा. आणि या सगळ्या रस्सीखेचीत जे समलिंगी ख्रिस्ती स्त्री-पुरुष आहेत, लागोसमधले आणि लंडनमधलेही, त्यांना दोन्ही पक्षांनी माणूस म्हणून न पाहता जिंकायचा मुलूख म्हणून पाहिले. कम्युनियन टिकवण्याचे उपाय सुचवणाऱ्या २००४ च्या विंडसर अहवालाने समलिंगी बिशपांचा अभिषेक, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद आणि परक्या धर्मप्रांतातला हस्तक्षेप या तिन्ही गोष्टी थांबवा, असे एका दमात सांगितले. माणसांचे जीवन आणि बिशपांच्या हद्दी एकाच तागडीत तोलल्या गेल्या, ते त्या वेळी फार थोड्यांना खटकले.

मग कसोटी कोणती? ती शोधायला दूर जावे लागत नाही. चर्च मिशनरी सोसायटीची सूत्रे १८४१ पासून तीन दशके सांभाळणारे हेन्री व्हेन यांनी ती सांगून ठेवली आहे. नवे चर्च स्वतःच्या पैशावर उभे राहावे, स्वतःचा कारभार स्वतः पाहावे आणि स्वतः पसरावे. आणि हे झाले की मिशनने तिथे सुखाने मरावे, असे त्यांचे मत होते. चर्च प्लांटिंग, म्हणजे रोप लावावे तसे नवे चर्च लावणे, हा शब्दप्रयोग आज मिशनरी व्यवहारात सर्रास चालतो. व्हेन यांच्या हिशेबात मात्र रोप लावण्याइतकेच माळ्याने निघून जाणे महत्त्वाचे होते.

व्हेन यांच्याच पुढाकाराने १८६४ मध्ये सॅम्युअल अजायी क्राउथर यांचा कँटरबरीत बिशप म्हणून अभिषेक झाला. योरुबा मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, ब्रिटिश आरमाराने १८२२ मध्ये सोडवलेला, सिएरा लिओनमध्ये शिकलेला, योरुबा भाषेचे व्याकरण आणि बायबल सिद्ध करणारा हा माणूस पहिला आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाला. नायजर नदीकाठचे मिशन त्यांनी आफ्रिकन सहकाऱ्यांच्या बळावर चालवले. व्हेन गेले, आणि १८९० च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी क्राउथर यांच्या सहकाऱ्यांवर गैरवर्तनाचे आरोप ठेवून त्यांना एकेक करून दूर केले. ऐंशी पार केलेल्या बिशपला स्वतःच्याच मिशनच्या समितीतून बाहेर पडावे लागले. ३१ डिसेंबर १८९१ रोजी ते वारले. त्यांच्या जागी इंग्रज बिशप आला. आफ्रिकन माणसे साहाय्यक बिशप झाली, पण स्वतंत्र धर्मप्रांत आफ्रिकन माणसाच्या हाती द्यायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. माळी परत आला होता, आणि बाग आपलीच आहे असे म्हणत होता.

हात न काढण्याचा हा हट्ट केवळ पदांपुरता नव्हता. अनेक बायका असलेला माणूस ख्रिस्ती होऊ इच्छितो. त्याने बायका टाकून द्याव्या काय? टाकलेल्या स्त्रियांनी जायचे कुठे? कोलेन्सो यांनी हा प्रश्न नाताळमध्ये १८५० च्या दशकातच विचारला आणि टीका ओढवून घेतली. अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने अशा पुरुषाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, असे ठरवले. १९८८ च्या लॅम्बेथ परिषदेने काही अटींवर तो देण्यास संमती दिली. मधली शंभर वर्षे आफ्रिकेतल्या घराघरांतून काय घडत होते, ते लॅम्बेथच्या ठरावांत सापडणार नाही.

हाच प्रश्न आपल्या भाषेतल्या एका स्त्रीने त्याच काळात, वेगळ्या शब्दांत विचारला होता. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केला. ही पत्रे आम्ही वर्गात वाचतो तेव्हा विद्यार्थी हमखास विचारतात, की बाप्तिस्मा घेतल्यावर मग भांडण कशाचे? भांडण नेमके याच गोष्टीचे होते. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रत्येक मत, त्याच्या बिशपांचा प्रत्येक शब्द, त्याच्या क्रूसावरची लॅटिन अक्षरे, हेही स्वीकारले असे होते काय? लॅटिनच का, संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. त्यांनी इंग्लंडात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेतला गेला, आणि बिशपांनी नकार दिला. रमाबाईंना हे सहन झाले नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी नुकतीच एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सोडवून आणली, ती दुसऱ्याच्या ताब्यात देण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, आणि इंग्रज कुंपणही मानले नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते कोणत्याही बिशपच्या सावलीत नव्हे.

आपल्या समीक्षेने रमाबाईंना एकतर 'मिशनऱ्यांच्या हाती सापडलेली' म्हणून टाकून दिले, नाहीतर सुधारक म्हणून गौरवताना त्यांच्या ख्रिस्तीपणावर पांघरूण घातले. या पत्रांतली रमाबाई या दोन्ही साच्यांत बसत नाही. आजच्या अँग्लिकन वादातल्या दोन साच्यांतही ती बसत नाही, म्हणून ती आम्हांला इथे आठवली.

एकटीने जे केले ते एखादी संस्था करू शकते का? करू शकते. दक्षिण भारतात व्ही. एस. अझरिया हे १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. त्याआधी दोन वर्षे एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत, तुमचा त्याग आणि तुमचा पैसा मिळाला, आता आम्हांला तुमची मैत्री द्या, अशा आशयाचे भाषण त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर ऐकवले होते. भारतीय ख्रिस्ती माणसाला इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या जुन्या भांडणांचे वारस होण्याचे कारण नाही, हे ओळखून त्यांनी चर्चांच्या एकीकरणासाठी आयुष्य वेचले. १९४५ च्या पहिल्या दिवशी ते वारले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांतील लोक मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि मुंबईपासून नाशिकपर्यंतच्या अँग्लिकनांनी आपले 'अँग्लिकन' हे नाव खाली ठेवले. बिशपपद ठेवले, उपासनेतले बरेच ठेवले, नाव सोडले.

यावर अँग्लिकन जगाने काय करावे? १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेने चर्च ऑफ साउथ इंडियाला पूर्ण नात्यात घेतले नाही. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेले मेथॉडिस्ट व इतर पाळक तिथे पुन्हा दीक्षा न घेता कामावर राहिले, हा त्याचा दोष. या संयुक्त चर्चांना लॅम्बेथमध्ये पूर्ण सभासदांची जागा मिळाली ती १९८८ मध्ये. मिशनने सुखाने मरावे हे व्हेन यांचे स्वप्न जिथे अक्षरशः खरे झाले, तिथे जाऊन अँग्लिकनांनी विचारले काय, तर कागदपत्रे पुरी आहेत ना!

आमच्यावर आक्षेप येईल की आम्ही या चर्चांचे गुणगान करीत आहोत. तसे नाही. मालमत्तेचे खटले, जातीचे ताण, निवडणुकांतले डावपेच या सगळ्यांनी ही चर्चे पोखरली आहेत. त्यांच्या दलित सभासदांनी याविषयी पुष्कळ लिहिले आणि सोसले आहे. पण त्यांचे दोष त्यांचे स्वतःचे आहेत. ते लंडनहून किंवा किगालीहून आलेला कोणी निस्तरणार नाही, आणि तसे कोणी मागितलेही नाही. स्वतःच्या चुका स्वतःच्या नावावर असणे, हा रोप रुजल्याचा पुरावाच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये कम्युनियनच्याच एका आयोगाने सुचवले, की कम्युनियनची व्याख्या कँटरबरीशी असलेल्या नात्यावर न बेतता तिच्याशी असलेल्या ऐतिहासिक संबंधावर बेतावी, आणि नेतृत्व अधिक वाटून घ्यावे. दहा महिन्यांत गॅफकॉनने स्वतःलाच कम्युनियन म्हणवून घेतले. एक पक्ष व्याख्या सैल करतो, दुसरा नावावर हक्क सांगतो. नाव सोडूनही माणसे ख्रिस्ती राहिली, बिशप राहिले, प्रार्थना चालू राहिली, हा नागपूर-मद्रासचा अनुभव मात्र दोघांच्याही हिशेबात नाही.

आणि आपल्याकडच्या टीकाकारांना एवढेच सांगायचे आहे. मिशनरी पूर्वेकडून आला की पश्चिमेकडून, गोरा होता की काळा, हे मोजून आपण फार वेळ घालवला. क्राउथर यांना कोणी बाहेर काढले, रमाबाईंना कोणी गप्प बसायला सांगितले, रवांडाने जाब विचारताच कोण उठून गेले, हे विचारले असते तर दोन्ही पक्षांतली तीच ती माणसे आपल्याला फार आधी ओळखता आली असती.